कौल

कौल : एखादे कार्य सिद्धीस जाईल की नाही, ते हाती घ्यावे की घेऊ नये, अशा प्रश्नावर देवतेचा अभिप्राय ठराविक खुणेवरून जाणून घेण्याची प्रथा. ‘कौल लावणे’, ‘कौल घेणे’, ‘उजवा कौल’, ‘डावा कौल’ हे शब्दप्रयोग ह्याच प्रथेतून मराठीत रूढ झाले आहेत. घरावर घालावयाचे कौल व शाक्तांमधील कौल संप्रदाय ह्यांच्याशी ह्या शब्दाचा संबंध नाही. मूळ अरबी ‘कौल’ म्हणजे उक्ती, दिलेला शब्द, वचन. मध्ययुगीन महाराष्ट्राच्या राज्यकारभारात हा शब्द नित्याचा होता. दुष्काळाने किंवा लष्कराच्या धामधुमीने परागंदा झालेल्या रयतेने गावी परत यावे, पडीक जमीन लागवडीस आणावी, म्हणून सरकार तिला अभयाचा व सवलतीच्या साऱ्याचा जो लेखी शब्द देई, तो कौल किंवा कौलनामा. इस्ताव्याच्या कौलात पहिल्या वर्षी सारा अल्प असे व पुढे तो वर्षावर्षाने वाढत जाई. राजाच्या शब्दासाठी वापरला जाणारा हा कारभारी शब्द देवाच्या उत्तरालाही लावला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे. कौल घेणाऱ्याला केवळ भविष्य नको असते. वर कोणीतरी आपल्याला शब्द दिला आहे, एवढा आधार त्याला हवा असतो. निवडणुकीच्या निकालाला ‘जनतेचा कौल’ म्हणण्याचा आजचा प्रघात ह्याच अर्थाचा पुढचा टप्पा होय.

मराठवाड्यात कौलाचे सर्वांत प्रसिद्ध स्थान म्हणजे तुळजापूर (धाराशिव जिल्हा; २०२३ पर्यंतचे अधिकृत नाव उस्मानाबाद जिल्हा) येथील तुळजाभवानीच्या मंदिरातील ‘चिंतामणी’ हा दगड. बालाघाटाच्या रांगेतील यमुनाचल ह्या डोंगराच्या उतारावर हे मंदिर वसलेले आहे. रस्त्याच्या पातळीवरून आत शिरणारा यात्रेकरू महाद्वारातून बऱ्याच पायऱ्या उतरून, कल्लोळ व गोमुख ह्या तीर्थांवरून मुख्य प्राकारात येतो. देवीचे दर्शन झाल्यावर प्रदक्षिणा घालताना मंदिराच्या मागील बाजूस काळ्या रंगाचा, गोल आकाराचा हा दगड लागतो. त्याला ‘शकुनवंती’ असेही नाव आहे. प्रश्न विचारणारी व्यक्ती दगडासमोर बसून दोन्ही हातांचे तळवे त्यावर टेकते, मनात इच्छा धरते व दगड फिरण्याची वाट पाहते. दगड उजवीकडे वळला, तर काम होणार. डावीकडे वळला, तर होणार नाही. जागचा हललाच नाही, तर काम होईल पण विलंब लागेल, असा संकेत आहे. उजवी बाजू शुभ मानण्याची कल्पना भारतीय आचारधर्मात सर्वत्र आहे. प्रदक्षिणेतही देवता आपल्या उजव्या हातास ठेवावयाची असते. तिसऱ्या पर्यायाची योजना मात्र विशेष मार्मिक म्हटली पाहिजे. तीनांपैकी दोन उत्तरे आशा कायम ठेवणारी आहेत आणि ‘विलंबाने होईल’ हे उत्तर चुकीचे ठरण्याचा क्षण कधीच येत नाही.

ह्या दगडाशी निगडित असलेली आख्यायिका सर्वश्रुत आहे. शिवाजी महाराज मोहिमेवर निघण्यापूर्वी येथे येऊन कौल घेत, असे सांगितले जाते. तिची ऐतिहासिक बाजू तपासताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. भोसले घराण्याची भवानीवरील निष्ठा निःसंशय होती. मात्र महाराजांच्या उदयाच्या काळी तुळजापूर व जवळचा नळदुर्गाचा किल्ला विजापूरच्या आदिलशाही अमलाखाली होता आणि महाराजांचे राज्य पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या आश्रयाने वाढत होते. प्रत्येक मोहिमेपूर्वी शत्रूच्या मुलखातून एवढा प्रवास करणे संभवनीय वाटत नाही. १६६१ मध्ये महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली, हीच गोष्ट मूळ स्थान सहजासहजी गाठता येत नव्हते, हे सुचविते. सतराव्या शतकाच्या अखेरच्या सभासद बखरीत अफजलखानाच्या प्रसंगी (१६५९) देवीने महाराजांना अभय दिल्याचे वर्णन आहे. पण ते दृष्टान्ताच्या रूपाने आलेले आहे, दगडाच्या कौलाने नव्हे. तेव्हा ह्या आख्यायिकेत ऐतिहासिक घटना शोधण्यापेक्षा लोकमानसाची साक्ष शोधणे अधिक उचित होय : महाराजांनाही निर्णयाच्या क्षणी देवीच्या शब्दाची गरज वाटली, तर आपल्याला ती वाटण्यात कमीपणा नाही, हा तिचा भाव आहे.

दगड फिरतो कसा, हा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो. गोल दगड आपल्या आधारावर अगदी थोड्या जागी टेकलेला असतो. त्यामुळे तो स्वतःभोवती वळविण्यास त्याच्या वजनाच्या मानाने फार थोडा जोर पुरतो. तळव्यांखालील पृष्ठ गुळगुळीत असले, तरी बसलेल्या माणसाच्या श्वासाने, खांद्यांच्या थकव्याने, शरीराचा तोल किंचित बदलल्याने हा जोर निर्माण होऊ शकतो. एखादी हालचाल घडेल अशी तीव्र अपेक्षा मनात असली, की स्नायू त्या दिशेने सूक्ष्म हालचाल करतात आणि करणाऱ्याला तिचा पत्ता नसतो. ह्या क्रियेचे शास्त्रीय विवेचन इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक विल्यम कार्पेंटर ह्यांनी १८५२ मध्ये केले. पुढील वर्षी मायकेल फॅराडे ह्यांनी त्याचा प्रायोगिक पुरावा दिला. त्या सुमारास यूरोपात मेजाभोवती बसून, त्यावर हात ठेवून, मृतात्म्यांकडून ते फिरवून घेण्याचे वेड पसरले होते. फॅराडे ह्यांनी हात व मेज ह्यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थाने हलकेच जोडलेली पुठ्ठ्याची पाने ठेवली. प्रयोगानंतर वरची पाने खालच्यांपेक्षा पुढे सरकलेली आढळली. म्हणजे मेजाने हात ओढले नव्हते, हातांनीच मेज ढकलले होते. दुसऱ्या एका रचनेत हाताचा दाब दाखविणारा काटा बसणाऱ्यांच्या समोर ठेवताच मेज फिरणे थांबले. बसणारी माणसे प्रामाणिक होती, हे फॅराडे ह्यांनी आवर्जून नोंदविले आहे. तुळजापूरच्या दगडालाही हेच स्पष्टीकरण लागू पडते. त्याच्यावर हात ठेवणारा माणूस लबाडी करीत नाही. त्याच्या मनाचा जो कल त्याला स्वतःलाही पुरता उमगलेला नसतो, तो त्याच्या तळव्यांतून दगडात उतरतो, एवढेच.

येथे इतर कौलांहून असलेले एक महत्त्वाचे वेगळेपण दिसून येते. चिंतामणीपुढे प्रश्न विचारणारा, खूण घडविणारा आणि तिचा अर्थ लावणारा एकच असतो. प्रश्न मोठ्याने उच्चारावा लागत नाही, उत्तर कोणी सांगावे लागत नाही. जगातील बहुतेक प्रख्यात दैवप्रश्नपद्धतींत ही तीन कामे वेगवेगळ्या माणसांकडे असतात आणि खूण वाचण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता, असे आढळते. कासवाच्या पाठीपोटाच्या कवचावरून भविष्य पाहण्याची पूर्व आशियातील पद्धती हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

चीनमध्ये शांग राजवंशाच्या उत्तरकाळात (सु. इ. स. पू. १२५०–१०४६) कासवाच्या पोटाकडील कवचावर किंवा बैलाच्या खांद्याच्या फऱ्यावर मागील बाजूने ओळीने खळगे कोरीत व त्यांना तप्त वस्तूने चटका देत. त्यामुळे पुढील बाजूस एक उभी व तिला फुटलेली एक आडवी अशी भेग पडे. भविष्य पाहणे ह्या अर्थाचे चिनी अक्षर आजही ह्याच भेगेच्या आकाराचे आहे. पुष्कळदा एकच प्रश्न होकारार्थी व नकारार्थी अशा दोन्ही रूपांत विचारला जाई. होकारार्थी रूप कवचाच्या उजव्या अर्धात व नकारार्थी डाव्या अर्धात कोरलेले असे. उजव्याडाव्याची ही विभागणी तुळजापूरच्या वाचकाला परकी वाटणार नाही, मात्र त्यावरून दोन परंपरांत काही ऐतिहासिक संबंध होता असे मानण्यास आधार नाही. पाऊस पडेल काय, पीक येईल काय, शत्रूवर चाल करावी काय, राजाचा दात दुखतो तो कोणत्या पूर्वजाच्या कोपामुळे, असे प्रश्न त्यांत आहेत. भेगांचा अर्थ सांगण्याचा अंतिम अधिकार राजाचा होता. वू डिंग ह्या राजाने आपली राणी फू हाव हिच्या प्रसूतीविषयी केलेले वाचन प्रसिद्ध आहे. विशिष्ट दिवशी प्रसूती झाल्यास शुभ, असे त्याने सांगितले. ती ३१ दिवसांनी निराळ्याच दिवशी झाली आणि ‘शुभ झाले नाही, मुलगी झाली’ अशा आशयाची नोंद त्याच कवचावर खोदली गेली. ह्या राणीची थडगी १९७६ मध्ये आन्यांग येथे जशीच्या तशी सापडली. तिने सैन्याचे नेतृत्व केल्याचे अशाच लेखांवरून ज्ञात आहे. मुलगी जन्मणे अशुभ मानणाऱ्या दरबारातच एक स्त्री सेनानी असावी, हा विरोधाभास त्या हाडांनीच जपून ठेवला आहे. औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या ह्या हाडांवरील लेखांकडे १८९९ मध्ये वांग यीरुंग ह्या विद्वान अधिकाऱ्याचे लक्ष गेले. आन्यांग येथे १९२८ पासून पद्धतशीर उत्खनन झाले आणि १९३६ मध्ये एकाच खड्ड्यात सु. १७,००० तुकडे मिळाले. चिनी लिपीचे हे सर्वांत जुने विपुल लेखन होय.

जपानमध्ये प्रथम हरणाच्या खांद्याच्या हाडाचा उपयोग होत असे. तिसऱ्या शतकातील चिनी इतिहासग्रंथात तेथील लोक हाडे भाजून शुभाशुभ पाहतात, असा उल्लेख आहे आणि ७१२ मधील कोजिकी ह्या ग्रंथातील देवकथेत देवही हेच करताना दिसतात. कासवाच्या कवचाची पद्धती (कीबोकू) नंतर आशिया खंडातून तेथे गेली. राजदरबाराच्या देवकार्य विभागात ह्या कामासाठी ‘उराबे’ नावाचे अधिकारी असत. ९२७ मध्ये सिद्ध झालेल्या एंगिशिकी ह्या नियमसंग्रहाप्रमाणे त्यांची संख्या वीस असून त्यांपैकी दहा त्सुशिमा, पाच इकी व पाच इझू येथून घ्यावयाचे असत. ही तिन्ही ठिकाणे समुद्राकाठची आहेत. सम्राटाच्या प्रकृतीविषयी वर्षातून दोनदा कौल पाहणे, हे त्यांचे एक ठरीव काम होते. त्सुशिमा बेटावरील त्सुत्सू ह्या गावी कवचावरून वर्षभविष्य पाहण्याची परंपरा टिकून राहिली. राजघराण्यात तर ती राज्यारोहणाशी जोडलेली आहे. नव्या सम्राटाने देवांना प्रथम अर्पण करावयाचे तांदूळ देशाच्या पूर्व व पश्चिम भागांतील कोणत्या प्रांतांतून आणावेत, हे कासवाच्या कवचावरून ठरवितात. १९९० मध्ये अकिता व ओइता आणि १३ मे २०१९ रोजी तोचिगी व क्योटो ह्यांची निवड अशा रीतीने झाली. २०१९ मधील विधीसाठी ओगासावारा बेटांवरील हिरव्या समुद्री कासवाची कवचे पातळ तासून वापरण्यात आली. भेगांचा कोणता आकार कोणत्या उत्तराचा, हे मात्र जाहीर केले जात नाही. बुलेट आगगाडीच्या देशात निकाल त्याच दिवशी सर्वांना कळतो, पण वाचन पडद्याआडच राहते.

भारतीय परंपरेत कासवाला दैवप्रश्नाच्या संदर्भात वेगळेच स्थान मिळाले. वराहमिहिराच्या (सहावे शतक) बृहत्संहितेतील कूर्मविभागात भारतभूमीची नऊ भागांत विभागणी करून प्रत्येक भागास तीन नक्षत्रे नेमून दिली आहेत. एखाद्या नक्षत्रसमूहास पापग्रहांची पीडा झाली, की त्या भागातील प्रदेशावर संकट येणार, असे तेथे सांगितले आहे. कासवाला आगीत तापविण्याऐवजी देशाचाच नकाशा कासवाच्या रूपाने कल्पिण्याची ही रीत होय. महाराष्ट्रातील पुष्कळ देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. ते कौलासाठी नसून इंद्रियसंयमाचे प्रतीक मानले जाते.

महाराष्ट्रातील कौलाचे सर्वांत व्यवस्थित रूप कोकणात व गोव्यात आढळते. तेथे ग्रामदेवतेच्या मूर्तीवर किंवा पाषाणावर ठराविक ठिकाणी फुलांच्या पाकळ्या, कळ्या, पाने किंवा तांदळाचे दाणे पाण्याने चिकटवितात. गुरव गाऱ्हाणे घालून प्रश्न मांडतो. उजवीकडील पाकळी आधी पडली, तर अनुकूल व डावीकडील पडली, तर प्रतिकूल. गोव्यात ह्यालाच ‘प्रसाद घेणे’ म्हणतात. पाकळी पडते ती पाणी सुकल्याने. पण ती कोठे, किती ओली, किती दाबून लावावयाची, हे गुरवाच्या हाती असते, आणि प्रश्न कोणत्या शब्दांत मांडावयाचा, हे मानकऱ्यांच्या. म्हणून हा कौल व्यक्तीचा न राहता गावाचा होतो. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या यात्रेची तारीख पंचांगातील तिथीने ठरत नाही, ती देवीच्या कौलाने ठरते. त्याच तालुक्यातील आचरे येथे काही वर्षांच्या अंतराने होणाऱ्या गावपळणीत सगळा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहावयास जातो, तोही रामेश्वराचा कौल घेऊनच; आणि तीन दिवसांनंतर परतण्यासाठी पुन्हा कौल घ्यावा लागतो. अशा सामुदायिक प्रसंगी कौलाचा व्यावहारिक उपयोग स्पष्ट आहे. कोणा एकाचा शब्द खाली न पडता निर्णय होतो आणि निर्णयाचे दायित्व देवावर जाते. मानपानाच्या तंट्यांत मात्र हीच पद्धती ज्याच्याकडे पाकळ्या लावण्याचा हक्क त्याच्या बाजूस झुकण्याची शक्यता राहते. मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांत साक्षीपुरावा संपल्यावर उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढावयास लावणारे रवादिव्य ह्याच कुळातले. फरक असा, की कौल पुढे काय होईल हे विचारतो आणि दिव्य मागे काय घडले हे (पहा : दिव्य).

वर्षाच्या पाऊसपाण्याचे भाकीत हा ह्या प्रथांचा आणखी एक मोठा विषय आहे आणि अवर्षणप्रवण मुलखात तो तसा असणे साहजिक आहे. तुळजापूरपासून सु. ४५ किमी. वरील सोलापूर येथे मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू रात्री आणून त्याच्यापुढे धान्ये, गूळ, सुपारी इ. वस्तू मांडतात. ज्या वस्तूस ते तोंड लावील ती महागणार, त्याने मूत्रविसर्जन केले तर पाऊस चांगला, ते बिथरले तर संकट, असे अर्थ मानकरी सांगतात. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथे विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक ऐकण्यास धनगर समाज दूरदुरून येतो. विदर्भात भेंडवळ (बुलढाणा जिल्हा) येथे अक्षय्य तृतीयेला शेतात वर्तुळाकार अठरा धान्ये मांडून मध्ये खड्डा करतात. त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे व त्यांवर पाण्याची घागर ठेवतात आणि रात्रीतून झालेला बदल पाहून दुसऱ्या पहाटे पीक, पाऊस व राज्यकारभार ह्यांविषयी भाकीत सांगतात. ही भाकिते मोघम असून कोणत्याही परिणामाशी जुळविता येतात, असा आक्षेप अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील कार्यकर्त्यांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. पेरणीसाठी बियाणे उधारीवर घेणाऱ्या शेतकऱ्याचे अशा शब्दावर विसंबून होणारे नुकसान भाकीत सांगणाऱ्याला सोसावे लागत नाही.

ह्या सर्वांच्या तुलनेत चिंतामणीचा कौल खाजगी व मूक आहे. नवरात्रात व पौर्णिमेला हजारो यात्रेकरू प्राकारातून जातात. अपत्य, मुलीचे लग्न, आजार, नोकरी, कोर्टातील दावा असे हरतऱ्हेचे प्रश्न त्या दगडापर्यंत येत असणार. पण ते उच्चारले जात नसल्याने त्यांची गणती कोणाला करता येत नाही. कोणी मध्यस्थ अर्थ सांगून पैसा उकळू शकत नाही, हा ह्या पद्धतीचा गुण होय. विचारणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मनाविरुद्ध सल्ला मिळण्याची सोय तीत नाही, ही तिची मर्यादा. ज्याला शस्त्रक्रिया टाळावयाची आहे, त्याचा दगड डावीकडे वळण्याचाच संभव अधिक आणि येथे विषय जिवाशी येतो. शांग राजांच्या लेखनिकांनी राजाचे वाचन व त्यानंतर घडलेली गोष्ट एकाच कवचावर शेजारीशेजारी खोदून ठेवल्याने तीन हजारांहून अधिक वर्षांनी त्यांची पडताळणी करता येते. तुळजापूरला मिळालेला होकार वा नकार मात्र यात्रेकरूबरोबर गावी परत जातो. तो खरा ठरला, तर पुढील यात्रेत नवस फेडला जातो. खोटा ठरला, तर त्याची नोंद कोठेच होत नाही.